'पाराक्लेतोस' म्हणजे कोण? नव्या करारातील ग्रीक शब्दाचा अर्थ स्वतः शोधण्याची रीत

काही वर्षांपूर्वी पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या, रविवारी आमच्या मंडळीत बोलण्याची पाळी माझ्यावर आली. योहानकृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय नेमलेला होता. मराठी पवित्र शास्त्रात तेथे 'कैवारी' हा शब्द आहे, माझ्याजवळच्या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये 'कम्फर्टर', म्हणजे सांत्वन करणारा, आणि एका नव्या इंग्रजी बायबलमध्ये 'अ‍ॅडव्होकेट'. मूळ ग्रीक शब्द 'पाराक्लेतोस' आहे एवढे तळटिपेतून कळले, मोबाइलवरच्या एका शब्दसूचीत त्यापुढे 'वकील' हा अर्थ सापडला, आणि पवित्र आत्मा हा आपला वकील आहे असे मी अर्धा तास ठासून सांगितले. उपासना संपल्यावर पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मला थांबवले. त्यांचे शास्त्र उघडेच होते आणि बोट सोळाव्या वचनावर होते. "बाळा, वकील निकाल लागला की आपल्या घरी जातो. इथं तर तो सदासर्वदा तुमच्याजवळ राहील असं लिहिलंय. मग हा वकील कसा?" मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नामुळे मी हा शब्द नीट शोधू लागलो, आणि त्यात बराच काळ उलटसुलट वाटांनी गेला. ज्यांना ग्रीक येत नाही, पण वचनातील एखाद्या शब्दाचा खरा अर्थ जाणून घेण्याची तळमळ आहे, अशांसाठी ती वाट येथे क्रमाने मांडतो. उदाहरण एकाच शब्दाचे घेतले आहे. रीत इतर शब्दांनाही लागू पडते.

हाताशी काय हवे

एक मराठी पवित्र शास्त्र, शक्यतो बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आवृत्ती, आणि त्याशिवाय आणखी एखादा मराठी अनुवाद. इंग्रजी वाचता येत असल्यास दोन इंग्रजी अनुवाद, एक जुना आणि एक अलीकडचा. ग्रीक संहितेसाठी अभ्यासक नेस्ले-आलांड आवृत्ती वापरतात, तिची अठ्ठाविसावी आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. पण सुरुवातीला विकत घेण्याची गरज नाही. केंब्रिजच्या टिंडेल हाउसने तयार केलेले 'स्टेप बायबल' संगणकावर विनामूल्य चालते, आणि त्यात शब्दावर बोट ठेवले की मूळ रूप व त्याच्या सर्व जागा दिसतात. बायबलबाहेरच्या ग्रीक ग्रंथांसाठी टफ्ट्स विद्यापीठाचे 'पर्सिअस' हे ग्रंथालय उपयोगी पडते. लिडेल आणि स्कॉट यांचा मोठा ग्रीक कोशही तेथे मिळतो. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश जवळ असू द्या. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक वही. मोबाइलवर वाचलेले दुसऱ्या दिवशी आठवत नाही. हाताने लिहिलेली वचनांची यादी मात्र डोळ्यांपुढे राहते.

ग्रीक लिपीत २४ अक्षरे आहेत. रोज अर्धा तास दिला तर आठवडाभरात ती वाचता येऊ लागतात, आणि तेवढे कष्ट जरूर घ्यावेत, कारण त्याशिवाय कोश उघडता येत नाही. मराठी माणसाने या वाटेला जाण्यात नवे असे काही नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक संहितांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम १९२२ मधील आपल्या निधनापर्यंत केले.

१. शब्दाचे मूळ रूप पक्के करा

वचनात शब्द नेहमी मूळ रूपात येत नाही. 'कैवाऱ्याला' या शब्दासाठी आपण कोशात 'कैवारी' पाहतो, तसेच ग्रीकचे आहे. योहान १४:१६ मध्ये 'पाराक्लेतोन' असे द्वितीयेचे रूप आहे, कारण तेथे तो 'देईल' या क्रियापदाचे कर्म आहे. कोशात मात्र तो 'पाराक्लेतोस' या प्रथमेच्या रूपाखाली सापडतो. स्ट्राँगच्या सूचीत, म्हणजे बायबलमधील प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणाऱ्या शब्दसूचीत, त्याचा क्रमांक ३८७५ आहे.

उच्चाराबाबत एक सूचना. आजच्या ग्रीसमध्ये हाच शब्द 'पाराक्लितोस' असा उच्चारला जातो, आणि लॅटिन पुस्तकांतही 'पाराक्लेतुस' व 'पाराक्लितुस' ही दोन्ही रूपे दिसतात. हा दुसरा शब्द असावा असे समजून गोंधळून जाऊ नका.

येथेच पहिला सापळा आहे. स्ट्राँगचा क्रमांक हा शब्दाचा पत्ता आहे, त्याचा अर्थ नव्हे. क्रमांकापुढे दिलेले चार-पाच अर्थ म्हणजे निरनिराळ्या ठिकाणी अनुवादकांनी वापरलेल्या शब्दांची नोंद असते. ती सगळी यादी एकाच वचनात ओतून 'या शब्दात इतके सारे अर्थ भरलेले आहेत' असे सांगणे चूक आहे. कोणताही शब्द एका वाक्यात आपले सगळे अर्थ एकदम बोलत नाही.

२. सगळ्या जागा वहीत उतरवा

नव्या करारात हा शब्द फक्त पाच वेळा येतो: योहान १४:१६, १४:२६, १५:२६, १६:७ आणि योहानाचे पहिले पत्र २:१. पौलाच्या पत्रांत तो नाही, इतर तीन शुभवर्तमानांतही नाही. ही पाचही वचने मागच्या-पुढच्या दोन-तीन वचनांसह स्वतःच्या हाताने लिहून काढा.

लिहिताना एक गोष्ट लगेच लक्षात येईल. पहिल्या चार जागा येशूच्या अखेरच्या रात्रीच्या संभाषणातील आहेत आणि तेथे पाराक्लेतोस म्हणजे पवित्र आत्मा आहे. पाचव्या जागी मात्र कोणी पाप केले तर पित्याजवळ आपल्याला पाराक्लेतोस आहे असे म्हटले आहे, आणि तो येशू ख्रिस्त आहे. एकच शब्द दोघांसाठी वापरला आहे. १४:१६ मध्ये येशू 'दुसरा' पाराक्लेतोस देण्याविषयी बोलतो. पहिला कोण, हे या पाचव्या वचनाने उघड होते. ही जोडणी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण अनुवादांत ती पुष्कळदा तुटलेली असते.

३. शब्दाची फोड करा, पण तिच्यावर इमारत उभी करू नका

'पारा' म्हणजे जवळ, बाजूला. 'कालेओ' म्हणजे हाक मारणे, बोलावणे. शेवटचा 'तोस' हा प्रत्यय सामान्यतः कर्मणी अर्थ देतो. म्हणजे फोडीप्रमाणे पाराक्लेतोस हा 'बाजूला बोलावलेला' होतो. लॅटिनमधील 'आद्वोकातुस' या शब्दाची फोड अगदी अशीच आहे.

फोड ऐकायला गोड लागते, म्हणून उपदेशांत ती फार वापरली जाते. आपल्या भाषेतला 'उपवास' पाहा. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. पण एकादशीला उपवास आहे असे सांगणारा माणूस कोणाच्या जवळ राहत आहे हे सांगत नसतो, तर आज जेवणार नाही हे सांगत असतो. फोडीवरून शब्द कोठून निघाला हे कळते. लेखकाने तो लिहिला त्या दिवशी लोक त्याचा काय अर्थ घेत होते, हे वापरावरूनच ठरवावे लागते.

४. नात्यातल्या शब्दांना वेगळ्या पानावर ठेवा

याच मुळापासून 'पाराकालेओ' हे क्रियापद (क्रमांक ३८७०) आणि 'पाराक्लेसिस' हे नाम (क्रमांक ३८७४) झाले आहे. क्रियापद नव्या करारात शंभराहून अधिक वेळा येते आणि नाम २९ वेळा. मत्तय ५:४ मध्ये शोक करणाऱ्यांचे सांत्वन होईल असे म्हणताना हे क्रियापद आहे. रोमकरांस पत्र १२:१ मध्ये पौल 'मी तुम्हांला विनवतो' म्हणतो तेथेही तेच आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या ते सातव्या वचनांत क्रियापद आणि नाम मिळून हे मूळ दहा वेळा येते, आणि तेथे अर्थ निःसंशय सांत्वनाचा, धीर देण्याचा आहे.

यावरून पाराक्लेतोस म्हणजे सांत्वनकर्ता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण मत्तय ८:३१ उघडा: तेथे भुते येशूला डुकरांच्या कळपात पाठवण्याची विनंती करतात, आणि क्रियापद हेच आहे. सांत्वन, विनवणी, आग्रह, बोध असे त्याचे क्षेत्र फार पसरलेले आहे, त्यामुळे त्यातला आपल्याला आवडणारा एक अर्थ उचलून नामावर चिकटवता येत नाही. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानात आणि त्याच्या पत्रांत 'पाराकालेओ' किंवा 'पाराक्लेसिस' एकदाही आलेले नाहीत. ज्या लेखकाने पाराक्लेतोस हा शब्द वापरला, त्याने सांत्वनाचे हे नेहमीचे शब्द हाती घेतलेलेच नाहीत. ही नोंद मी वहीत तांबड्या शाईने केली आहे.

५. त्या काळच्या लोकांच्या तोंडी शब्द ऐका

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. येथे कंटाळा केला तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

इ.स.पू. ३४३ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेत प्रसिद्ध ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस याने केलेल्या एका भाषणाच्या सुरुवातीलाच हा शब्द येतो. प्रतिपक्षाच्या बाजूने जमलेले 'पाराक्लेतोस' कसा गळ घालत आहेत, याविषयी तो न्यायसभेला सावध करतो. त्या काळी अथेन्समध्ये फिर्यादी आणि आरोपी यांना आपली बाजू स्वतःच मांडावी लागे. आजच्यासारखा सनद घेतलेला वकील नव्हता. आरोपीच्या शब्दाला वजन यावे म्हणून त्याचे मित्र आणि वजनदार ओळखीचे लोक सोबत येऊन उभे राहत. मी व्यासपीठावरून सांगितलेला 'वकील' येथेच डळमळतो. पाराक्लेतोसचा न्यायसभेशी संबंध होता हे खरे, पण ते धंद्याचे नाव नव्हते.

दुसरे उदाहरण तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजीनिस लाएर्टियसने तत्त्वज्ञ बिओन याच्याविषयी नोंदवले आहे. एक बडबड्या माणूस मदत मागायला आला, तेव्हा बिओन म्हणाला की तुझे काम मी करीन, मात्र तू आपले पाराक्लेतोस पाठव आणि स्वतः येऊ नकोस. येथे न्यायसभा नाही. शब्द टाकणारा मध्यस्थ एवढाच अर्थ आहे.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. येशूच्या काळात अलेक्झांड्रियात राहणारा यहुदी लेखक फिलो योसेफाची कथा सांगतो. मिसरमध्ये योसेफ भावांना ओळख देतो तेव्हा फिलोच्या लेखनात तो म्हणतो की तुम्ही माझ्याशी जे केले त्या सगळ्याची मी क्षमा करतो, तुम्हाला दुसऱ्या कोणत्याही पाराक्लेतोसची गरज नाही. अपराधी एका बाजूला, ज्याचा अपराध केला तो दुसऱ्या बाजूला, आणि मधे बोलणारा कोणी. शब्दाची जागा ती आहे. आता योहानाच्या पहिल्या पत्रातील २:१ पुन्हा वाचा. रचना तीच दिसेल.

यहुदी गुरूंनी हा ग्रीक शब्द आपल्या भाषेतही घेतला. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी शिकवणीच्या संग्रहामध्ये रब्बी एलिएझर बेन याकोब यांचे वचन आहे: जो एक आज्ञा पाळतो तो स्वतःसाठी एक 'प्राक्लित' मिळवतो, आणि जो एक अपराध करतो तो एक 'काटेगोर' मिळवतो. काटेगोर म्हणजे आरोप करणारा, हाही ग्रीकमधून आलेला शब्द, आणि प्रकटीकरण १२:१० मध्ये रात्रंदिवस आरोप करणाऱ्यासाठी नेमका तोच येतो. एक आपल्या विरुद्ध बोलणारा, दुसरा आपल्या बाजूने बोलणारा, अशी ही जोडी आहे.

विरुद्ध पुरावाही प्रामाणिकपणे लिहून ठेवावा. ईयोब १६:२ मध्ये ईयोब आपल्या मित्रांना कष्ट देणारे सांत्वनकर्ते म्हणतो; तेथे अक्विला आणि थिओडोशन या ग्रीक अनुवादकांनी 'पाराक्लेतोस'चेच अनेकवचन वापरले आहे. म्हणजे सांत्वनाचा अर्थ कोणाच्या ध्यानीमनीच नव्हता असे म्हणता येत नाही. तो मुख्य प्रवाह नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

६. पुन्हा वचनाकडे या

बाहेरून गोळा केलेला अर्थ वचनावर लादू नये. वचनात तो किती बसतो ते पाहावे. पाचही वचनांसमोर एक रकाना आखा आणि पाराक्लेतोस तेथे काय करतो ती क्रियापदे लिहा. १४:१६ मध्ये तो शिष्यांबरोबर सदासर्वदा राहतो. १४:२६ मध्ये तो शिकवतो आणि येशूच्या गोष्टींची आठवण करून देतो. १५:२६ मध्ये तो येशूविषयी साक्ष देतो. १६:७ पासून पुढे तो पाप, नीतिमत्त्व आणि न्यायनिवाडा यांविषयी जगाला दोषी ठरवून त्याची खात्री करून देतो.

साक्ष, दोष, न्यायनिवाडा ही भाषा न्यायसभेची आहे, पण शिकवणे आणि आठवण देणे ही नाही. शिवाय न्यायसभेत पाराक्लेतोस आरोपीच्या बाजूने न्यायाधीशांपुढे बोलतो, तर येथे तो शिष्यांच्या बाजूला उभा राहून जगालाच आरोपी करतो. लेखकाने प्रचलित शब्द घेतला आणि त्याला नवे काम दिले. त्या बाईंनी ज्या शब्दावर बोट ठेवले होते, त्यातच किल्ली होती: 'बरोबर राहणे'. दोनच वचनांनंतर येशू म्हणतो की मी तुम्हांला अनाथ सोडणार नाही. सोडून जाणारा गुरू आपल्या मागे राहणाऱ्यांना जो देतो तो हा पाराक्लेतोस. तो बाजू घेतो, आणि बाजू घेऊन निघून जात नाही.

७. व्याकरणाच्या दोन फसव्या जागा

पहिली जागा 'दुसरा' या शब्दाची आहे. ग्रीकमध्ये 'आलोस' आणि 'हेतेरोस' असे दोन शब्द आहेत. १४:१६ मध्ये 'आलोस' आहे, म्हणून 'त्याच जातीचा दुसरा' असा सिद्धांत त्यावर उभा केला जातो. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात कृपादानांची यादी देताना पौल हे दोन्ही शब्द आलटून पालटून वापरतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात 'हेतेरोस' एकदाच, १९:३७ मध्ये येतो. योहानाचा नेहमीचा शब्दच 'आलोस' आहे. आत्मा येशूसारखाच आहे हे १४:१६ मधून निघते, पण ते सगळ्या प्रसंगावरून निघते, या एका शब्दावरून नव्हे.

दुसरी जागा लिंगाची आहे. ग्रीकमध्ये आत्मा, म्हणजे 'न्यूमा', नपुंसकलिंगी आहे. हिब्रूत तोच शब्द बहुधा स्त्रीलिंगी आणि मराठीत पुल्लिंगी. योहान १४:२६ मध्ये 'एकेइनोस', म्हणजे 'तो', असे पुल्लिंगी सर्वनाम आल्यामुळे आत्मा ही व्यक्ती असल्याचे व्याकरणाने सिद्ध होते, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. ते सर्वनाम पुल्लिंगी 'पाराक्लेतोस'साठी आलेले आहे. त्याच वाक्यात 'न्यूमा'साठी आलेले संबंधी सर्वनाम नपुंसकलिंगीच आहे. तीन लिंगे बाळगणाऱ्या मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही: 'ते मूल' म्हटल्याने मूल निर्जीव होत नाही आणि 'तो दगड' म्हटल्याने दगड सजीव होत नाही. आत्म्याविषयीची शिकवण तो शिकवतो, साक्ष देतो, वाट दाखवतो या क्रियापदांवर भक्कम उभी आहे. तिला कच्चा टेकू देण्याची गरज नाही.

८. अनुवाद शेजारी शेजारी ठेवा

आता अनुवाद तपासा. हे काम शेवटी करावे असे मी आग्रहाने सांगतो, कारण आधी केले तर अनुवादकाचे मत आपले होऊन बसते.

सिरियाक या प्राचीन भाषेतील अनुवादाने शब्दाचा अनुवाद न करता तो 'पाराक्लेटा' असा जसाच्या तसा ठेवला. लॅटिन व्हल्गेटने शुभवर्तमानात 'पाराक्लेतुस' ठेवला, आणि पत्रात मात्र 'आद्वोकातुस' घातला. लूथरने जर्मनमध्ये शुभवर्तमानात सांत्वनकर्ता आणि पत्रात रदबदली करणारा असे दोन शब्द केले. १६११ च्या इंग्रजी बायबलने 'कम्फर्टर' आणि 'अ‍ॅडव्होकेट' अशी तीच विभागणी केली. तिचे मूळ जुने आहे: तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने ख्रिस्ताच्या बाबतीत मध्यस्थी आणि आत्म्याच्या बाबतीत सांत्वन असे दोन अर्थ वेगळे काढले होते. त्यामुळे लूथरचा किंवा १६११ चा अनुवाद वाचणाऱ्याला ही दोन वचने एकमेकांकडे पाहत आहेत हे कळतच नाही.

९. मराठी शब्दाचीही तितकीच चौकशी करा

ग्रीकसाठी इतके कष्ट घेणारे पुष्कळ लोक मराठी शब्दाकडे पाहतही नाहीत. बायबल सोसायटीच्या मराठी पवित्र शास्त्रात शुभवर्तमानातील चारही जागी 'कैवारी' आहे, आणि योहानाच्या पहिल्या पत्रातही नीतिसंपन्न येशू ख्रिस्त हा पित्याजवळ आपला 'कैवारी' आहे. मूळ ग्रीकमधील धागा मराठीत अखंड राहिला आहे.

शब्दही कसा आहे पाहा. कैवार घेणे म्हणजे एखाद्याची बाजू आपली मानून उभे राहणे. शेजारच्या पोरांनी धाकट्याला मारले की थोरला त्याचा कैवार घेतो. त्यासाठी त्याला कोणी नेमावे लागत नाही आणि भांडण मिटल्यावर तो परका होत नाही. देवाला दीनांचा कैवारी, भक्तांचा कैवारी म्हणण्याची रीत महाराष्ट्रात खोल रुजलेली आहे, त्यामुळे हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आधीच आसरा आणि आपलेपण असते. शिकवणे आणि आठवण देणे मात्र 'कैवारी'मध्ये येत नाही, हे मान्य केले पाहिजे. ते काम वचनातील क्रियापदांवर सोपवावे. इंग्रजी 'कम्फर्टर'वरून आपल्या गीतांत आणि प्रार्थनांत 'सांत्वनकर्ता' हा शब्द येतो तेव्हा त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण उपदेशात 'कैवारी' बाजूला सारून 'मूळ अर्थ खरे म्हणजे सांत्वनकर्ता' असे सांगू नये. पुराव्याच्या दृष्टीने ते उलटे आहे.

१०. टिपण लिहा आणि पुढचा शब्द घ्या

शेवटी अर्ध्या पानाचे टिपण करा: शब्द, त्याच्या जागा, बाहेरचे दोन-तीन वापर, तुमचा निष्कर्ष आणि त्याच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर शोध अपुरा झाला असे समजा. व्यासपीठावर यातले दोनच वाक्यांइतके सांगावे. ग्रीक शब्दांचा पाऊस पाडल्याने ऐकणाऱ्याच्या हातचे मराठी शास्त्र त्याला परके वाटू लागते. त्या वृद्ध बाईंना मी पुढे हे टिपण वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी १४:१८ वर बोट सरकवले आणि 'अनाथ' हा शब्द मोठ्याने वाचला.

पुढच्या शोधासाठी लांब जाऊ नका. योहानाच्या पहिल्या पत्रात २:१ च्या लगेच पुढच्या वचनात येशूला 'हिलास्मोस' म्हटले आहे, ज्याच्या जागी मराठीत 'प्रायश्चित्त' आहे. हा शब्द नव्या करारात दोनदाच येतो, येथे आणि ४:१० मध्ये. त्याच्या नात्यातले शब्द लूक १८:१३, रोमकरांस ३:२५ आणि इब्री लोकांस २:१७ व ९:५ येथे सापडतील. वहीचे नवे पान तेथून सुरू करा.